खानोरकरांचे पाच-नऊ

आमच्या वरच्या मजल्यावरचे खानोरकर माणसाला नमस्कार करत नाहीत, त्याच्या आवाजाला गुण देतात. नव्या घरमालकांनी जिन्यातून आपली ओळख करून दिली, तेव्हा वरून उत्तर आलं, "तीन-चार. घशात खरखर आहे. पुन्हा बोला."

खानोरकर हौशी बिनतारीवाले, म्हणजे हॅम रेडिओवाले. सरकारी परवाना, गच्चीवरून माझ्या खिडकीसमोरच्या कडुलिंबाला बांधलेली तार, आणि दर रविवारी सकाळी कधीही न पाहिलेल्या मित्रांची हवेतली बैठक. शब्द किती कळले याला पाचपैकी गुण, आवाजाच्या जोराला नऊपैकी.

ही बैठक भरली की आमचा रेडिओ संपतो. एकदा श्रुतिकेतली नायिका प्राण सोडत असताना तिच्या तोंडून खानोरकर म्हणाले, "यंदा संत्री आंबट निघाली. ओव्हर."

मी तक्रार केली, तर खानोरकर म्हणाले, "काहून जी मास्तर? रेडिओ तुमचा हलका, अन् दोष मले?"

बैठकीत शिष्टाचार म्हणून सगळे सगळ्यांना पाच-नऊ देतात. खानोरकर देत नाहीत. "चेहरा दिसत नाही, घर माहीत नाही. ऐकू आलं तर आलं म्हणा, नाही तर नाही. दुसरा भरोसा कशाचा?" या भरोशापायी अर्ध्या बैठकीने त्यांच्याशी अबोला धरला. एका निवृत्त कर्नलना त्यांनी नव्याकोऱ्या सेटवर दोन-तीन दिले होते.

परवाच्या रविवारी मी वर गेलो, ती तार काढा हे सांगायला.

"बसा. मुजुमदार सेटवर येऊन राहिले."

मुजुमदार इंदूरचे, ऐंशीच्या घरातले, एकटे. सेट म्हातारा, आवाज त्याहून. आज कुणालाच ऐकू गेलो नाही तर सेट विकून टाकतो, असा त्यांचा निरोप एका मित्राकडून आला होता.

सेटमधून फोडणीसारखी चरचर आली. मधे खोकल्यासारखं काहीतरी. मला एक अक्षर कळलं नाही. खानोरकरांनाही नाही, तो चेहरा मला पाठ आहे.

त्यांनी माइक ओढला. "पाच-नऊ, मुजुमदारसाहेब. इथं शेजारच्या गांधीबागेतून बोलल्यावानी."

मी चक्रावलो. "अहो, पण ते म्हणाले काय? आता उत्तर कशाचं देणार?"

"एकटा माणूस काय म्हणते, मले माहीत आहे," म्हणत त्यांनी पुन्हा बटण दाबलं. "हो जी, बरोबर आहे तुमचं. एका माणसाच्या वरणाचा अंदाजच येत नाही. माझंही रोज उरते."