एक बॅग वर, एक बॅग खाली

मेनराड रुप्पेनने सकाळी पलंगावरून पाय खाली सोडले तर ते पाण्यात पडले. आपण अजून झोपेतच आहोत असं आधी त्याला वाटलं. मग स्वयंपाकघरातून त्याच्या बायकोचा, ओटीलियाचा, आवाज आला.

"मेनराड, उठलास का? उठू नकोस. नाही, ऊठच."

भिंतीतला पाईप फुटला होता. पाईप कोणाच्याही घरात फुटतो, त्यात विशेष काही नाही. पण मेनराड हा आल्प्सच्या डोंगरातल्या रोटेनआल्प गावाचा एकमेव प्लंबर, आणि येत्या रविवारी गावच्या अध्यक्षाची निवडणूक. त्या खुर्चीवर मेनराडचा कित्येक वर्षं डोळा होता, आणि या खेपेला दुसरं कोणी उभंही नव्हतं. 'गावाला पाण्याची नवी लाईन' एवढं एकच आश्वासन त्याने दिलं होतं. ते देणारा माणूस आता स्वतःच्या घरात घोटाभर पाण्यात उभा होता.

"कोणाला कळता कामा नये," तो म्हणाला.

"बरं, नाही कळणार. पण राहायचं कुठे? लाकडाची जमीन आहे, वाळायला वेळ लागणार."

खरी गोची इथेच होती. नोव्हेंबर महिना, पाहुण्यांचा पत्ता नाही, मोठं हॉटेल कुलूपबंद. उघडी होती ती दोन लहान हॉटेलं. खालच्या आळीत स्टेशनाला लागून मेनराडच्या बहिणीचं, आगाथाचं. वरच्या आळीत ओटीलियाच्या भावाचं, किलियानचं. आमच्या गावात मोटारीला बंदी आहे, त्यामुळे दोन आळ्यांमधला चढ पायीच चढावा लागतो. तो चढून भेटायला जाण्यापेक्षा घरबसल्या भांडलेलं बरं, असं दोन्ही आळ्यांनी फार पूर्वीच ठरवलेलं आहे.

"आगाथाकडे राहिलो तर वरचे म्हणणार, हा खालच्यांचाच. किलियानकडे राहिलो तर खालचे म्हणणार, सासुरवाडीला जाऊन बसला. गेली मतं."

"अरे, पण तुझ्यासमोर उभं कोण आहे?"

"कोणी उभं नसलं म्हणून काय झालं? चिठ्ठी कोरी असते. लोक रागाच्या भरात कोणाचंही नाव लिहितील. आणि ज्याचं नाव निघेल त्याला नाही म्हणायची सोय नाही."

ओटीलियाने बुटातलं पाणी मोरीत ओतलं आणि तोडगा काढला. "तू वर माझ्या भावाकडे जा. मी खाली तुझ्या बहिणीकडे जाते. दोन्हीकडे मान राहील."

मेनराड बायकोकडे बघतच राहिला. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

सामान न्यायला गावचा हमाल फ्रिडोलिन आपली बॅटरीवरची सामानाची गाडी घेऊन आला. ही गाडी माणसाच्या चालीने चालते आणि आवाज करत नाही, म्हणून फ्रिडोलिनला सगळ्यांचं सगळं ऐकू येतं.

"दोन्ही बॅगा एकाच ठिकाणी ना?"

"नाही. एक वर, एक खाली," मेनराड म्हणाला.

फ्रिडोलिनने टोपी काढली. "मेनराड, मी तुम्हा दोघांच्या लग्नात बाजा वाजवला होता रे."

"घरात जरा काम काढलंय, बाकी काही नाही."

"काम. हो, हो. मी कोणाला एका शब्दाने बोलणार नाही."

आणि तो खरंच बोलला नाही. त्याने फक्त ओटीलियाची फुलाफुलांची बॅग आगाथाच्या दारात ठेवली, मग मेनराडची तपकिरी बॅग घेऊन सगळ्या गावातून हळूहळू वर नेली. वाटेत जे भेटले त्यांनी आधी बॅगेकडे पाहिलं, मग फ्रिडोलिनकडे. तो नुसता मान हलवत होता.

संध्याकाळपर्यंत गावाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. रोटेनआल्पमध्ये माणसं वारतात, गाई दरीत पडतात, पण नवरा-बायको वेगळी होत नाहीत. आगाथाने ओटीलियासमोर सूप ठेवलं आणि स्वतःच रडायला बसली.

"माझा भाऊ आहे, पण मी त्याची बाजू घेणार नाही. काय केलं त्याने?"

"काही नाही गं. तो चांगला आहे."

"बघा," आगाथा शेजारणीला म्हणाली, "अजूनही वाईट शब्द काढत नाही."

वर किलियानने मेहुण्याच्या पेल्यात जर्दाळूची दारू ओतली. "माझी बहीण सोपी नाही, मला माहीत आहे. पण तू काय केलंस ते सांगून टाक."

"घरात काम काढलंय रे."

"बरं, नको सांगूस," किलियान म्हणाला आणि बाटली कपाटात ठेवून दिली.

त्या आठवड्यात खालच्या आळीतली प्रत्येक बाई केक घेऊन ओटीलियाचं सांत्वन करायला आली. ओटीलियाला आपलं दुःख सांगता येईना, कारण तिला दुःख नव्हतं. मग बायकाच आपापलं सांगू लागल्या. शाळेच्या वाटेवरचा बर्फ कोणी काढत नाही, दवाखाना वेळेवर उघडत नाही. ओटीलियाने सगळं मन लावून ऐकलं. वरच्या आळीतल्या बायकाही चढाचा विचार न करता उतरून येऊ लागल्या, आणि दोन्ही आळ्या एका टेबलाशी बसून केक खाऊ लागल्या. असं पूर्वी कधी कोणी पाहिलं नव्हतं. मेनराड मात्र जिथे मतं मागायला जाई, तिथे पुरुषांना अचानक गाईचं दूध काढायची आठवण होई.

शुक्रवारी दिवेलागणीला दोघं मागच्या दाराने घरात शिरली, जमीन किती वाळली ते बघायला. ओटीलियाने डोक्याला रुमाल गुंडाळला होता. नेमका त्याच वेळी फ्रिडोलिन मागच्या गल्लीतून चालला होता.

शनिवारी सकाळी आगाथाने ओटीलियाचे दोन्ही हात धरले.

"मन घट्ट कर. तुझ्या घरात काल एक बाई होती."

ओटीलियाने हात सोडवून घेतले. "कोण बाई?"

"तोंड दिसलं नाही. काचेवर वाफ होती. पण मोजे काढून अनवाणी उभी होती, आणि आपला मेनराड तिच्यापुढे गुडघे टेकून बसला होता."

ओटीलियाला आपले ओले मोजे आठवले, आणि जमीन चाचपून बघणारा मेनराड आठवला. तिने ॲप्रनमध्ये तोंड लपवलं. तिचे खांदे इतके हलत होते की आगाथाने तिला मिठीच मारली.

दुपारी चर्चमागे तिने नवऱ्याला गाठलं. "आता पुरे. पाईप फुटला म्हणून सांगून टाक. लोक तुला बाहेरख्याली समजायला लागलेत."

मेनराडचा चेहरा पांढराफटक पडला. "समजू देत," तो म्हणाला. "नवरा वाईट असला तर हे गाव चालवून घेईल. प्लंबर वाईट असला तर नाही."

"आणि मला काय वाटतं, त्याचं काय?"

"तुला तर खरं माहीत आहे ना," मेनराड म्हणाला.

ओटीलिया परत गेली. तिला पहिल्यांदाच खरं वाईट वाटत होतं.

रविवारी शाळेच्या दालनात चिठ्ठ्या मोजल्या. गावच्या सचिवांनी कागदावरून नजर वर केली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. ओटीलिया रुप्पेन, जवळजवळ सगळी मतं. मेनराड रुप्पेन, एक मत.

ते एक मत कोणाचं, हे मेनराडला चांगलंच ठाऊक होतं, कारण ते त्याने स्वतः लिहिलं होतं. तो हळूच बायकोकडे वळला. ओटीलिया भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होती.

टाळ्या थांबेनात, तेव्हा ती उभी राहिली. "मला हे काम नको होतं, पण नाही म्हणायची सोय नाही. मग खोट्याने सुरुवात नको. माझ्या नवऱ्याची कोणी बाई नाही. ती बाई मीच होते. आमच्या घरातला पाईप फुटलाय."

"कोणता पाईप?" किलियानने दबक्या आवाजात विचारलं.

"भिंतीतला. त्याने स्वतः बसवलेला."

आगाथाने डोक्याला हात लावला. "अरे देवा," ती म्हणाली. "यापेक्षा बाई परवडली असती रे मेनराड."

किलियान आधीच दाराशी पोचला होता. त्याच्या हॉटेलातले सगळे पाईप मेनराडनेच तर बसवले होते. त्याच्यामागोमाग सचिव, मग फ्रिडोलिन, मग दोन्ही आळ्या. अर्धे लोक चढाने वर पळत सुटले, अर्धे उताराने खाली. नव्या अध्यक्षबाईंचं अभिनंदन करायला कोणी थांबलं नाही.

रिकाम्या दालनात दोघंच उरली. मेनराडची खुर्ची गेली होती, धंदा गेला होता, आणि बायकोचं मतही मिळालं नव्हतं. तरी आठवड्यात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडं समाधान दिसलं.

"बघितलंस?" तो ओटीलियाला म्हणाला. "मी काय सांगत होतो?"