झोपलेलं मांजर उठवण्याबाबत

मानवजातीची आजवरची सगळी प्रगती कोणीतरी कोणाला तरी झोपेतून उठवल्यामुळे झालेली आहे. या नियमाला मांजर हा एकमेव अपवाद असून जपानात तो अत्यंत जबाबदारीने पाळला जातो.

कलम १. संबंधित व्यक्ती

काजिवारा मित्सुयो ही तोक्योजवळ ताचिकावाला राहणारी चित्रकार. एका मंगा मासिकात ती गेली नऊ वर्षं आपल्या मांजराची चित्रकथा काढते. मांजराचं नाव चिकुवा. (माशाच्या वाटणाची खरपूस भाजलेली नळी असते, ती चिकुवा. रंग तोच, स्वभावही तसाच, मधून पोकळ.) चित्रकथेत चिकुवा खातो, ओकतो, खोक्यात बसतो आणि खोक्यातून उठतो. कथानक एवढंच. लोक वेडे झाले आहेत.

चित्रकथेत ती स्वतःही असते, पण फक्त गुडघ्यापर्यंत. सुरुवातीला एकदा तिने आपला चेहरा काढला होता. तेव्हा वाचकांनी अतिशय नम्र पत्रं लिहून ‘त्या जागेत मांजर मावलं असतं’ ही गोष्ट निदर्शनास आणून दिली. तेव्हापासून गुडघेच.

मोरिओकाच्या वृद्धाश्रमातून आई दर अंकानंतर फोन करते. “या वेळी गुडघे छान आलेत हो तुझे. पण तोंड कधी दाखवणार गं? शेजारणीला सांगते, ही माझी लेक, तर ती विचारते, कुठली? ते पाय?”

कलम २. प्रसंग

चिकुवावर अ‍ॅनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका, निघणार असं ठरलं, त्या आनंदात मासिकाने तिला विचारलं, बाई, तुम्हाला काय हवं? (असं विचारणं हा शिष्टाचार असतो. उत्तर देणं नसतो.) तिने उत्तर दिलं. नव्या वर्षाच्या अंकात सोळा पानं, आणि त्यांत मी. अख्खी.

तिने ती काढली. चष्मा, दुहेरी हनुवटी, हसताना मिटणारे डोळे, सगळं. इतकी मजा तिला नऊ वर्षांत आली नव्हती.

नववर्षासाठी छापखाने बंद होतात, म्हणून डिसेंबरात मुदत अलीकडे सरकते आणि मग तसूभरही हलत नाही. तिची मुदत संध्याकाळी पाचची होती. ती अजून कागदावर काढत असल्याने संपादक नेगिशी पानं न्यायला तीन वाजता जातीने आले. रीतीप्रमाणे खाऊ आणला होता. मांजरासाठी.

पानांचा गठ्ठा खिडकीपाशी उन्हात होता. गठ्ठ्यावर चिकुवा झोपला होता.

कलम ३. लागू नियम

‘झोपलेलं मांजर उठवायचं नाही.’ हा नियम तिनेच दुसऱ्या वर्षी एका भागात गंमत म्हणून लिहिला. आता तो कपांवर, टॉवेलांवर आणि संपादकीय कचेरीच्या दारावर आहे. मासिकाच्या पाहणीनुसार ८३ टक्के वाचक तो काटेकोर पाळतात. (उरलेल्या १७ टक्क्यांकडे मांजर नाही.)

कलम ४.

(यावर मांजर बसलं आहे.)

कलम ५. कार्यवाही

“बाई, झोपलाय हो,” नेगिशी कुजबुजले.

“मग उठवा की.”

“मी? पोरीला तोंड काय दाखवू? टॉवेल आहे आमच्या घरी तुमचा!”

“बरं, मी उठवते.”

“तुम्ही?” नेगिशींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू देवळातला पुजारीच दानपेटी फोडताना सापडावा. “बाई, नियम तुमचा. उद्या मुलाखतीत कोणी विचारलं तर?”

खाऊची पुडी त्याच्या नाकाशी उघडावी का, यावर चर्चा झाली. तेही उठवणंच होय, असं एका मताने ठरलं. (तिचं मत धरलेलं नाही.)

नेगिशींनी स्वयंपाकघरात जाऊन मुख्य संपादकांना फोन लावला. मुख्य संपादकांनी सगळं गंभीरपणे ऐकलं आणि विचारलं, “शाई-बिई लागली नाही ना त्याला?” छापखान्याचं म्हणणं असं पडलं, की यंत्रं थांबवता येणार नाहीत, पण मांजर झोपलेलं असेल तर हळू आवाजात बोलता येईल.

साडेचारला ती उठली, गठ्ठ्यापाशी बसली आणि तिने हात पुढे केला. चिकुवाने झोपेतच एक पंजा डोळ्यांवर ओढून घेतला. याच पंजावर तिने नऊ वर्षं घर चालवलं होतं. हात आपोआप मागे आला.

“असाच राहू दे हं, राजा,” म्हणत नेगिशींनी फोटो काढले. सोळा पानांचे सोळा. चिकुवा हलला नाही, म्हणून सोळाही सारखे.

ते लिफ्टमध्ये शिरले, दार मिटलं, आणि चिकुवा उठला. आळस दिला. मग सगळ्यात वरच्या पानावर, जिथे ती हसत होती, तिथे ओकला.

कलम ६. फलनिष्पत्ती

सोळा पानांवर ते सोळा फोटोच छापले गेले, आणि नऊ वर्षांतला सर्वोत्तम भाग म्हणून वाचकांनी तो निवडला. अकराव्या फोटोत श्वास सोडलेला आहे आणि बाराव्यात घेतलेला, याकडे जाणकारांनी लक्ष वेधलं. अ‍ॅनिमेच्या समितीने पहिला भाग यावरच करायचं ठरवलं. काहीच हलत नसल्याने निर्मात्यांना गहिवरून आलं. चिकुवासाठी तीन कलावंतांचे आवाज घेतले आहेत. गुडघ्यांना आवाजाची गरज भासली नाही.

पानं मी पुन्हा काढून देते, असं तिने नेगिशींना सुचवून पाहिलं.

“नको बाई! खाली काय होतं हे कळत नाही, त्यातच तर सगळी गंमत आहे, असं वाचक म्हणतात.”

मोरिओकाहून फोन आला. “अगं, त्याच्या पोटाखालून एक कान डोकावतोय. तुझाच ना? मी लगेच ओळखला! शेजारणीलाही दाखवला.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, मांजर किती गोड आहे.”

कलम ७. वाचकांसाठी

ही कथा त्या बाईची होती. आपण ती शेवटपर्यंत वाचलीत, आभारी आहोत.

मांजराचं नाव आपण झोपेतही सांगाल. आता वर न बघता तिचं सांगा.