नाव सांग, कारण नको

लालबागच्या आमच्या मोदकांच्या कारखान्यात बोलल्याशिवाय वाटीसुद्धा या हातातून त्या हातात जात नाही. देणाऱ्याने "दिलं" म्हणायचं, घेणाऱ्याने "घेतलं". मालकीण सुमनताई परब यांचा तसा कायदाच आहे. सकाळी रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत लिलाव चाललाय.

मी तिथे फोन आणि ऑर्डरी सांभाळते. पहिल्या दिवशी ताईंनी माझ्या हातात कपाटाची किल्ली ठेवली. मी नुसती मान हलवली, तर बाईंनी किल्ली परत काढून घेतली. "मान काय, नंदीबैलपण हलवतो!"

चूक झाली की त्यांचा एकच सवाल. "कोणाचं काम? नाव सांग, कारण नको." कारणं ऐकण्यात त्यांना काडीचा रस नाही. मात्र गिऱ्हाइकासमोर त्या कुणालाही उघडं पाडत नाहीत. "माझ्या पोरींच्या जिवावर धंदा आहे," असं छाती फुगवून सांगतात आणि गिऱ्हाईक वळलं की त्याच पोरींना फाडून खातात. पोरी म्हणजे आम्ही सगळ्या पन्नाशीच्या बायका.

गेल्या महिन्यात लोअर परळच्या एका ऑफिसची ऑर्डर आली. मोदक आवडले तर दर संकष्टीला ते आमच्याकडूनच घेणार होते. अशा कायमच्या कामासाठी ताई कधीपासून झुरत होत्या. त्या सकाळी डिलाईल रोडहून कामाला येणाऱ्या आमच्या लताने गरम उकड मळायला ताईंसमोर ठेवली. "दिलं." तेवढ्यात ताईंचा मोबाईल वाजला आणि त्या बोलत बोलत बाहेर गेल्या. परत येईपर्यंत उकड गार! तीच त्यांनी घाईघाईने मळून वळायला दिली. पहिला घाणा निघाला तो एकजात फुटलेला, सारण सगळं चाळणीत.

"कोणाचं काम?" ताई गरजल्या.

"तुमचं, ताई," लता म्हणाली. "मी दिलं बोलले. तुम्ही घेतलं बोललाच नाहीत."

"अगं, फोन आला म्हणून..."

"नाव सांगा, कारण नको."

लताची नोकरी गेली, असं मी धरूनच चालले. ताई लालबुंद झाल्या. मग त्यांनी पदर खोचला.

"सुमन परब," त्या म्हणाल्या. "चल, पाणी ठेव."

नवी उकड त्यांनी हात भाजत मळली. आम्ही सगळ्या वळायला बसलो, मीसुद्धा. मोदक वेळेत पोचले आणि संध्याकाळी ऑफिसचा फोन आला, दर संकष्टीचं काम आमचं! आम्ही असा गलका केला की वरच्या मजल्यावरचे काका घाबरून खाली आले.

बाकीच्या घरी गेल्यावर ताईंनी लताला थांबवलं. मी आवराआवर करत होते. म्हटलं, आता सकाळचा वचपा निघणार. पण ताई तिच्याकडे न बघताच बोलल्या, "आमचे हे गेल्यापासून मला 'तू चुकलीस' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं गं."

लता जरा घुटमळली. "ताई, तशा अजून दोन-चार चुका आहेत. सांगू?"

ताईंनी डोळे पुसले, गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

"सावकाश सांग," त्या म्हणाल्या. "मला घरी जायची घाई नाही."