माझा मुलगा घरी आला

"दुपारच्या जेवणापर्यंत निम्मी भाषा खिशात घालतो की नाही बघाच!" असं अनुशेर वर्गातल्या सगळ्यांना ऐकवून जीपमध्ये बसला होता. दुशान्बेच्या त्याच्या विद्यापीठात अनोळखी भाषा फळ्यावर शिकवत नसत. ती बोलणाऱ्या माणसासमोर पोराला नेऊन बसवत आणि सांगत, घे आता काढून! अनुशेरच्या वाट्याला दूर डोंगरातल्या बरतंग खोऱ्यातलं एक गाव आलं, आणि त्या गावातली म्हातारी सवसनबीबी. देशाची ताजिक भाषा दोघांनाही येत होती. याने ताजिकमध्ये वाक्य सांगायचं, बीबीने ते आपल्या बरतंगीत म्हणायचं आणि यंत्राने टिपून घ्यायचं. त्यात काय एवढं!

"घरातली साधी वाक्यं घे," त्याच्या प्राध्यापक निगोराबाईंनी निघताना बजावलं होतं. म्हातारीला सगळ्यात साधं काय? मुलगा! अनुशेरने प्रवासातच सगळी वाक्यं मुलावर रचून टाकली. बीबीच्या घरात खांबाला एक पुरुषी कोट टांगलेला होता, धुवून पुसून लख्ख. तो बघून तरी शहाण्याने काही ओळखायचं! पण या पठ्ठ्याचं सगळं लक्ष बॅटरीकडे.

"बीबी, म्हणा, माझा मुलगा घरी आला."

बीबीचा हात चहाच्या वाटीवरच थांबला. "का रे?"

"उदाहरण हो! नुसतं म्हणायचं."

तिने पुटपुटल्यासारखं म्हटलं.

"जरा मोठ्याने. यंत्राला ऐकू गेलं पाहिजे."

तिने मोठ्याने म्हटलं. मग, माझा मुलगा काल आला. मग, माझा मुलगा आला आणि जेवला. म्हणता म्हणता तिचा आवाज चढला, गालांवर रंग आला. शेवटी तर तीच सुचवायला लागली! "माझा मुलगा आला आणि म्हणाला, आई, छप्पर गळतंय, मी बघतो. घे की हेही!"

"लांबतंय, बीबी. आता म्हणा, माझा मुलगा आला नाही."

बीबीने वाटी त्याच्यापुढे सरकवली. "चहा घे."

"घेतो. पण एकदाच, आला नाही."

"वसंतात येईल."

"तसं नाही हो. आला नाही!"

"तुझ्या वैऱ्याचा मुलगा येऊ नये! असलं आईने तोंडातून काढायचं नसतं."

तिचा अलिफबेक मिसरूड फुटायच्या आधी रशियात बांधकामावर गेला होता. आधी त्याचे फोन यायचे, मग ते बंद झाले. गावात कुणी विचारलं की बीबी म्हणायची, वसंतात येईल. असे कितीतरी वसंत गेले. पुढेपुढे गावाने विचारणंच सोडलं. हे अनुशेरला मागाहून कळलं. त्या घडीला म्हातारी हट्टी आहे, एवढंच त्याला कळत होतं.

आता शेजारची लालबेगिम. ती गच्चीवर जर्दाळू वाळत घालत होती, आणि बीबीच्या छताचा झरोका सताड उघडा होता. त्यातून खणखणीत आवाज आला, माझा मुलगा घरी आला! एकदा नाही, दहादा! लालबेगिमने जर्दाळू तिथेच टाकले आणि गावभर धावत सुटली.

थोड्या वेळाने बाहेर दफ वाजायला लागले. बायका गाणी म्हणत येत होत्या. ते ऐकलं आणि बीबी ताडकन उठली. ओढणी सावरायचं भान नाही, पायात काही नाही, ती धावत दारात गेली आणि बायकांच्या डोक्यांवरून, टाचा उंचावून, रस्त्याकडे बघत राहिली.

अनुशेरला वाटलं, विद्यापीठाच्या पाहुण्याचं स्वागत! त्याने कॉलर नीट केली. "अहो, एवढं कशाला? मी अजून विद्यार्थीच आहे!"

दफांच्या गजरात ऐकतो कोण? कुणी शुभ म्हणून त्याच्या खांद्यावर पीठ टाकलं. गावातल्या म्हाताऱ्या कुर्बोनशोकाकांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून मुके घेतले.

"मॉस्कोने पार वाळवलं रे तुला, अलिफबेक!"

"मी दुशान्बेचा, काका!"

"दुशान्बेवरून आलास होय? बरं केलंस! अरे, हा तर आपली भाषाच विसरला! घाला रे याला त्याचा कोट!"

कोट त्याच्या अंगावर चढला. अंगणात मेंढा कापलासुद्धा! "सवसन, बस ना लेकाजवळ!" लालबेगिम दारातल्या बीबीला ओढत म्हणाली.

बीबी वळली. तिने कोटातल्या अनुशेरकडे बघितलं, आणि दफ एकेक करून थांबले.

"माझा मुलगा आला नाही," ती म्हणाली.

बरतंगीत म्हणाली, पण अनुशेरला ताजिकची गरज पडली नाही. काकांना कमी ऐकू यायचं, म्हणून तिला पुन्हा मोठ्याने म्हणावं लागलं. भाकऱ्या घेऊन मागून बायका येतच होत्या. त्या प्रत्येकीला दारातच सांगावं लागलं. आला नाही गं. माझा मुलगा आला नाही. लालबेगिम तोंडावर ओढणी घेऊन रडत होती. यंत्र चालूच होतं, आणि ते बंद करायला हात पुढे करायची अनुशेरला हिंमत होईना. त्याला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

बीबीने त्याच्या अंगावरचा कोट काढला, झटकला, परत खांबाला लावला.

"मेंढा कापलाय, आता खा सगळ्यांनी," ती म्हणाली. पहिला तुकडा तिने अनुशेरच्या हातात ठेवला. "खा. तू तरी कुणाचा तरी मुलगा आहेसच ना?"

तो रडत रडत खात राहिला.

दुशान्बेला परतल्यावर निगोराबाईंनी यंत्र कानाला लावून सगळं ऐकलं. "वाक्य फार छान मिळालंय! पण मागे बायका रडतायत. आवाज स्वच्छ नाही. परत जाऊन नीट घेऊन ये."

अनुशेर परत गेला. आधी काठीने झरोका लावून घेतला, मग बसला. वाटेत त्याने वाक्य बदललं होतं.

"बीबी, म्हणा, बकरी घरी आली नाही."

बीबीने चहा ओतला आणि दाराकडे बघितलं.

"खोटं कशाला म्हणू? ही काय, आली की!"

खरंच, बकरी उंबऱ्यात उभी राहून ओरडत होती. यंत्रात तेवढा आवाज मात्र अगदी स्वच्छ आला.