सरखेलांची सही

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत तात्या परबांच्या घरी गेलात, तर ऐन मे महिन्यातही ते आधी पंखा बंद करतात. कारण समोरच्या भिंतीवर सरखेलांची सही आहे. सरखेल म्हणजे मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख. त्यांच्या हुकमाचा पिवळा कागद तात्यांनी काचेच्या फ्रेमीत बसवलाय. काचेआड वारा शिरणार कसा, असं मी एकदा विचारलं.

"दर्यावरचो माणूस तो. वारो लागलो तर निघान जायत," तात्या म्हणाले.

कागद मोडी लिपीत. तात्यांना मोडी येत नाही आणि मी नुकताच मोडीचा वर्ग केला होता. सर्टिफिकेट हातात पडल्यापासून मी स्वतःला इतिहाससंशोधक समजू लागलो होतो. घरचे मात्र अजून दळण आणायलाच पाठवत. तेव्हा वाचनाचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. दर रविवारी एक ओळ. जास्त वाचायला गेलो की तात्या फ्रेमीवर टॉवेल टाकत.

"आज इतकाच पुरे. सायबाचो हुकूम घाईत वाचूचो नसता."

मग चहा, खाजं आणि मालवणच्या गप्पा.

तळाची सही तर मी पहिल्याच दिवशी वाचली होती: 'मोरोबा सूद'. सूद हे तर पंजाबी आडनाव. मराठ्यांच्या आरमारात हा पंजाबी कुठून आला, यावर आमचे दोन रविवार गेले. मी लेख लिहायच्या बेतात होतो.

शेवटी राहवेना. कागदाचा फोटो काढून वर्गाच्या सरांना पाठवला. ते फोनवर पोट धरून हसले.

"अहो, ते 'मोर्तब सुद' आहे! म्हणजे मजकूर संपला, शिक्का झाला. सही कुठली?"

बाकीचा मजकूरही त्यांनी वाचून दिला. गलबतासाठी दोरखंड आणि तांदूळ द्या, एवढंच.

रविवारी हे तात्यांना सांगितलं. सही गेली म्हणजे कागदाची शानच गेली.

"सही नाय तर नाय," ते म्हणाले. "पण तू सगळोच वाचून टाकलस? मगे येत्या रविवारी कित्याक येतलस?"

मला फार वाईट वाटलं. तात्यांची बायको, आमच्या काकी, वारल्यापासून त्या घरी येणारा मी एकटाच होतो, आणि मला शहाण्याला वाटत होतं, आपण इतिहासासाठी जातोय.

"सरांनी घाईत वाचलंय, तात्या," मी म्हटलं. "पहिल्या ओळीपासून परत बसूया."

"बरा," म्हणत तात्या चहा टाकायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.