चौसष्ट किलोंची तफावत

मोटारसायकल कशी निवडावी हे एकदा जगाला दाखवून द्यायचंच, असं तराजूसाहेबांनी निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात ठरवलं. सदतीस वर्षं त्यांनी वजनमापांच्या तपासणीत काढली होती. बाजारात त्यांनी नुसतं "वजनं काढा" म्हटलं की भल्याभल्या दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. पाच ग्रॅमची तफावत ते म्हणे तळहातावर ओळखत.

"लोक रंग बघून गाडी घेतात," ते बायकोला म्हणाले. "मी मोजून घेणार."

घ्यायची होती ती लांबच्या प्रवासाला सोयीची आणि पळायलाही चपळ अशी मोठी मोटारसायकल. हल्ली तिला स्पोर्ट टूरिंग म्हणतात. आणि जायचं होतं दीपगृहापर्यंत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोघं तिथे गेले होते, एका काळ्या, ठोकळ्यासारख्या गाडीवरून. वाऱ्यात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून बाईसाहेबांनी एक पद्धत काढली होती. डाव्या खांद्यावर एकदा थोपटलं की हळू, दोनदा थोपटलं की थांबा. मुलगी झाल्यावर ती गाडी विकली. त्या दिवशी साहेब जेवले नव्हते. पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ म्हणता म्हणता एकतीस वर्षं निघून गेली.

बाईसाहेबांची अट एकच होती. "आधी मी मागे बसून बघणार. जमलं तर येईन. नाहीतर तुम्ही आणि तुमचं दीपगृह."

वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात एक निळी आणि एक लाल अशा दोन गाड्या होत्या. साहेबांनी वहीत रकाने आखले: चढ, वळण, ब्रेक, इंधन. "तुलना करायची तर परिस्थिती समान हवी," त्यांनी दुकानदाराला बजावलं. रस्ता तोच, टायरमधली हवा तेवढीच, मागचं वजनही तेवढंच. त्यासाठी सकाळी घरच्या काट्यावर त्यांनी बायकोला पर्ससकट उभं केलं होतं. चौसष्ट किलो.

"हेल्मेट धरून?" दुकानदाराने विचारलं.

"हेल्मेट वेगळं लिहिलंय," साहेब म्हणाले.

निळीची फेरी शिस्तीत झाली. चढाच्या पायथ्याशी थांबायचं, हँडलला बांधलेलं घड्याळ शून्यावर आणायचं आणि पाण्याच्या टाकीपर्यंत सुसाट सुटायचं. एकेचाळीस सेकंद. मग टाकीमागच्या रस्त्याने परत दुकानात.

"सीट टणक आहे," बाईसाहेब म्हणाल्या. वहीत सीटला रकाना नव्हता.

मग लाल. पायथ्याशी साहेब घड्याळाशी खुडबुडत होते, तेवढ्यात बाईसाहेबांच्या पायात गोळा आला. त्यांनी जुन्या सवयीने साहेबांच्या डाव्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि त्या खाली उतरल्या. पण साहेबांच्या नव्याकोऱ्या जाकिटाच्या खांद्यांत बोटभर जाडीचे पॅड होते. गाडी जराशी हलली, तेव्हा त्यांनी मनात नोंद केली, स्प्रिंग मऊ. आणि सुटले!

"बघितलंस? काय खेचते गं ही!" ते चढभर बोलत राहिले. तेहतीस सेकंद! मागून उत्तर येईना, तसे ते आणखीच सुखावले. गाडीवर बसली की ती पूर्वीही बोलायची नाही. वळणावर तर त्यांना वाटलं, या वयातही किती तोल सांभाळून बसते, वजन म्हणून जाणवत नाही.

"लाल सरस," दुकानात शिरताच त्यांनी निकाल दिला. "आठ सेकंदांचा फरक! मागे माणूस आहे असं वाटतच नाही."

दुकानदाराने मागच्या सीटकडे पाहिलं. "काका, काकू कुठे आहेत?"

साहेबांनी वळून पाहिलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. फोन लावला तर तो त्यांच्याच खिशात वाजला. बाईसाहेबांनीच सांभाळायला दिला होता. पाच ग्रॅम ओळखणाऱ्या माणसाच्या गाडीवरून चौसष्ट किलो गेले होते आणि त्याने गाडीचं कौतुक केलं होतं. आता कुठलं दीपगृह! ती आता आपल्या मागे कधीच बसणार नाही.

ते पुन्हा किल्ली लावतात, तोच रस्त्यावरून एक जुना, ओळखीचा आवाज आला. चढाच्या पायथ्याशी बसणारा पंक्चरवाला येत होता, तसल्याच काळ्या, ठोकळ्यासारख्या गाडीवरून. मागे बाईसाहेब, मांडीवर पर्स. क्षणभर साहेबांना ती लग्नाच्या वर्षातली दिसली.

"अगं, मला खरंच..."

"वही द्या."

बाईसाहेबांनी तिसरी ओळ आखली आणि लिहिलं: काळी. वेग, झाडं ओळखता येतात इतका. सीट, बरी. ब्रेक, दोनदा थोपटलं की थांबते.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे तू येणार नाहीस."

"येणार. निळीवरून. तिने निदान मला परत आणलं," बाईसाहेब म्हणाल्या. "पण त्या जाकिटाचं काहीतरी करा."

पुढच्या रविवारी दोघं निघाले. डाव्या खांद्याचं पॅड साहेबांनी स्वतः ब्लेडने उसवून काढलं होतं. जेमतेम एक किलोमीटर झाला असेल, तोच खांद्यावर दोनदा थोपटलं गेलं. साहेबांनी घाईघाईने गाडी कडेला घेतली.

"काय झालं? पायात गोळा?"

"काही नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "तपासलं."

दीपगृह तिथून एकशे ऐंशी किलोमीटर होतं. साहेबांच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: तपासण्या एकोणीस, तफावत नाही.