यंत्राचा रहिवासी दाखला

माणसाला नाव नसले तरी एक वेळ चालते. बारसे लांबले म्हणून बाळाला कोणी घराबाहेर काढत नाही. पत्ता मात्र लागतोच. ज्याला पत्ता नाही त्याला रेशन नाही, मत नाही, फार काय, त्याच्यावर वॉरंटसुद्धा बजावता येत नाही. हे तत्त्व आजवर माणसांपुरतेच होते. ते यंत्रांना लागू करण्याचा पहिला मान आमच्या कार्यालयाला मिळाला, याचा येथील अव्वल कारकून म्हणून मला अभिमान आहे.

आमचे कार्यालय म्हणजे विभागीय दाखला कक्ष, अमरावती. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतले नागरिक आपापल्या घरी खरोखर राहतात की नाही, हे आम्ही ठरवतो. (नागरिकांना ते आधीपासून माहीत असते, पण ती माहिती अधिकृत नसते.) पूर्वी हे काम हाताने होई. तीन वर्षांपूर्वी कक्ष ‘पूर्णतः ऑनलाइन’ घोषित झाला आणि हस्तलिखित दाखल्यांची कोरी पुस्तके व गोल शिक्का आवारात समारंभपूर्वक जाळण्यात आला. शिक्का रबरी असल्याने धूर बराच झाला. त्या दिवशीच्या फोटोत आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून प्रगतीकडे पाहत आहोत.

आता दाखले यंत्र देते. हे यंत्र आभासी आहे. आभासी यंत्र म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटात मानलेला दुसरा संगणक. एकाच खोलीत पडदे लावून चार बिऱ्हाडे करावीत, तसे. प्रत्येक यंत्राला संगणकांच्या जाळ्यातला एक पत्ता असतो, बारा अक्षरांचा. तो म्हणे यंत्राच्या एका भागावर कोरलेला असतो. आभासी यंत्राला तो भागच नसतो, त्यामुळे पत्ताही मानलेलाच. म्हणजे नसलेल्या यंत्राच्या नसलेल्या भागाचा हा पत्ता. तरीही दोन यंत्रांचा पत्ता एकच असून चालत नाही, आणि तेथेच घोळ झाला.

अकोल्यात पहिले यंत्र तयार झाले. अमरावतीसाठी त्याचीच हुबेहूब नक्कल करण्यात आली, पत्त्यासकट. दोघे दोन गावी होते तोवर सुखात होते. मेमध्ये अकोल्याच्या खोलीचा एसी बंद पडला. बाहेर पारा सेहेचाळीसवर आणि आत खोलीची भट्टी, म्हणून अकोल्याचे यंत्र, ते ज्याच्या पोटात होते त्या संगणकासकट, उचलून अमरावतीला, नकलेच्या शेजारी आणून ठेवले. एका घरात एकाच नावाचे दोन जावई आले म्हणजे हाक मारणाऱ्याची जी पंचाईत होते, ती जाळ्याची झाली. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अमरावती जिल्ह्यातून ६१२ अर्ज आले, त्यांचे पुढीलप्रमाणे झाले:

योग्य यंत्राकडे गेले: २०८.
अकोल्याच्या यंत्राकडे गेले: १९१.
निम्मे इकडे, निम्मे तिकडे: १७९.
कोठे गेले ते सांगता येत नाही: ३४. (अर्जदार मात्र घरीच असल्याचे समजते.)

निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे, यांत पिंकीचा अर्ज होता. पिंकी ही चांदूर रेल्वेच्या श्रावणची मुलगी. श्रावण तेथे सायकली दुरुस्त करतो. मुलीचा नंबर अमरावतीच्या एका नर्सिंग कॉलेजात लागला होता. रहिवासी दाखला एकतीस जुलैच्या आत दिला तर जागा तिची, नाही तर यादीतल्या पुढच्या मुलीची. तिला दाखला मिळाला. त्यावर नाव तिचे आणि फोटो अकोल्याच्या खुशालराव नावाच्या निवृत्त हवालदाराचा, मिशांसकट. कॉलेजने तो नाकारला. (खुशालरावांना पिंकीच्या फोटोचा दाखला मिळाला. त्यांची तक्रार आलेली नाही.)

या प्रकाराची कक्षाने तातडीने दखल घेतली आणि ‘पत्ता निश्चित होईपर्यंत’ दोन्ही यंत्रे बंद केली. खिडकी बंद झाली, पण रांग चालू राहिली. आमच्याकडे रांगेला खिडकी लागत नाही.

आमच्या कक्षात पौर्णिमा नावाची कंत्राटी अभियंता आहे. ती रिद्धपूरहून रोज बसने येते आणि वेळेवर पोहोचते, यावरून ती कायम नाही हे कळतेच. यंत्रे बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती कक्ष अधिकारी केशवराव यांच्यासमोर उभी राहिली.

“साहेब, चार मिनटाचं काम हाये. एका मशीनच्या पत्त्यातले शेवटचे दोन अक्षरं बदलवाचे अन् मशीन चालू कराची. बस.”

केशवरावांनी चष्मा काढला. “पत्ता बदलवाचा म्हन्तं तू. अर्ज कुठं हाये?”

“अर्ज कोन करन साहेब? मशीन?”

“मंग? पत्ता कोनाचा बदलून राहिला?”

केशवरावांचे बहुतेक प्रश्न असे बिनतोड असतात, म्हणून तर ते अधिकारी आहेत. पत्ता बदलण्याचा आमच्याकडे एकच नमुना आहे, नमुना सात-ब. तो माणसांसाठी आहे; पण तो फक्त माणसांसाठी आहे असे त्यावर कोठेही लिहिलेले नाही, हे मीच केशवरावांच्या नजरेस आणून दिले. वास्तविक हे काम चार मिनिटांचे आहे, हे मलाही कळत होते. परंतु चार मिनिटांत झालेल्या कामाची फाइल होत नाही, आणि जिची फाइल नाही ती गोष्ट घडली असे मी तीस वर्षांत कधी मानलेले नाही.

नमुना मी स्वतः भरला. अर्जदाराचे नाव: आभासी यंत्र क्र. २. वडिलांचे किंवा पतीचे नाव: आभासी यंत्र क्र. १ (नक्कल त्याच्यापासून झाल्याने). वय: तीन वर्षे, अज्ञान असल्याने पालक म्हणून केशवराव. जुना पत्ता: ती बारा अक्षरे. येथे केशवरावांनी आक्षेप घेतला, की यात मुक्काम नाही, पोस्ट नाही, तालुका नाही, पिनकोड नाही, मग टपाल जाते कसे? टपाल जात नाही म्हणूनच हा अर्ज आहे, असे पौर्णिमा म्हणाली. तिला बाहेर जाण्यास सांगण्यात आले. त्यातच काही अक्षरे इंग्रजी होती. मराठीतून कामकाजाच्या परिपत्रकानुसार आम्ही त्यांचे लिप्यंतर केले आणि पुढे सही लावली.

यानंतर गृहचौकशी. यंत्र सांगितलेल्या जागी खरेच राहते का, हे पाहायला मी दोन पंच घेऊन तळमजल्यावरच्या खोलीत गेलो. एक पंच गेटसमोरचे चहावाले शेषराव, दुसऱ्या त्यांच्या पत्नी ललिता. पंचनाम्यात शेषरावांचा जबाब असा आहे: “आमी धा वर्षांपासून समोरच हावो. या नावाचं कोनी येताजाताना आमी पायलं नाही. आतून गुरगुर आवाज येते, पन चहा प्याले कोनी बाहेर येत नाही.” ललिताबाईंनी “वागनूक चांगली असन, भांडन आयकू नाही आलं” अशी पुरवणी जोडली. मी शेरा मारला: ‘सदर अर्जदार जागेवर दिसून आला नाही, तथापि राहत असावा.’

अर्जाला शेवटचे एक जोडपत्र लागते: अर्जदाराचा रहिवासी दाखला. रहिवासी दाखला फक्त यंत्र देते, आणि यंत्र पत्ता बदलेपर्यंत बंद आहे. म्हणजे यंत्राचा पत्ता बदलायचा तर यंत्राने स्वतःला दाखला द्यायला हवा, आणि दाखला द्यायचा तर त्याचा पत्ता बदललेला हवा. हाताने द्यावा, तर शिक्का जाळलेला. नियमाचे इतके गोल आणि गुळगुळीत रूप मी नोकरीत प्रथमच पाहत होतो. त्या संध्याकाळी मी फाइल दोनदा वाचली, केवळ आनंदासाठी.

दरम्यान आम्ही अकोल्यालाही पत्र लिहिले, की तुमच्या यंत्राने पत्ता बदलावा म्हणजे आमचा प्रश्न सुटेल. अकोल्याने उत्तर दिले, की आमचे यंत्र मूळ आहे, नकलेने बदलावे. आम्ही लिहिले, की अमरावती हे विभागाचे मुख्यालय आहे. मुख्यालयाच्या यंत्राने जिल्ह्याच्या यंत्रासाठी पत्ता सोडणे शिस्तीत बसत नाही. अकोल्याने लिहिले, की मुख्यालयाला एवढे वाटत असेल तर त्याने आमचा एसी आधी दुरुस्त करून द्यावा. पत्रव्यवहार एकूण चौदा पत्रांचा झाला. दोन्ही यंत्रे या काळात एकमेकांपासून दीड फुटावर होती.

श्रावण आणि पिंकी दर दोन दिवसांनी येत. रांगेत उभी राहत, दुपारी पायरीवर बसून भाकर खात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. पिंकीकडे एक प्लास्टिकची पिशवी होती. ती दर तासाला तीत सगळी कागदपत्रे आहेत की नाहीत ते पाही आणि पुन्हा गाठ मारी. एकोणतीस तारखेला श्रावण माझ्या टेबलाशी आला.

“साहेब, एक इचारू का? माह्या पोरीचा पत्ता तं बदललाच नाही. ते जन्मली तवापासून त्याच घरात हाये. मंग मशीनीच्या पत्त्यासाठी आमी काहून थांबून राहिलो?”

मी त्याला नियम समजावून सांगितला. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतला. “म्हंजे मशीनीले घर भेटलं का मंग आमाले भेटन,” असे म्हणून तो परत रांगेत गेला. मला वाईट वाटले. हे मी येथे नमूद करतो, कारण फाइलमध्ये तसा रकाना नव्हता.

एकतीस जुलैला मधल्या सुट्टीत केशवराव जेवायला घरी गेले. मी डबा उघडला होता. पौर्णिमा खाली गेली आणि चार मिनिटांनी वर आली. (घड्याळ मी पाहिले. तिचा अंदाज बरोबर होता.) तिने खिडकी उघडली, दोन्ही यंत्रे चालू असल्याचे पाहिले आणि रांगेकडे बघून म्हणाली, “पिंकी, तू ये आंदी. तुई तारीख आज हाये.”

पिंकी रांगेत चौथी होती. तिचा दाखला निघाला: नाव तिचे, फोटो तिचा, मिशी नाही. ती आणि श्रावण धावतच कॉलेजकडे गेले. त्यानंतर अर्ध्या तासात पौर्णिमाने रांगेतल्या उरलेल्या छत्तीस जणांनाही दाखले दिले, म्हणजे एकूण सदतीस. दीड महिन्यात जे झाले नाही ते झाले आणि लोक खूश होऊन घरी गेले, असे निदान मला वाटले. मी मान खाली घालून जेवत राहिलो. सात-ब तेव्हाही माझ्या टेबलावर अपूर्णच होता.

दुसऱ्या दिवशी तक्रारी आल्या. चौथ्या नंबरच्या मुलीला पहिला दाखला कोणाच्या आदेशाने दिला? मधल्या सुट्टीत खिडकी उघडण्याचा अधिकार कोणाचा? तक्रार आली की चौकशी येते. चौकशीत निघाले, की यंत्र विना परवानगी नव्या पत्त्यावर राहत होते आणि अशा बेकायदा रहिवाशाने इतरांच्या रहिवासाबद्दल दाखले दिले होते. सदतीसच्या सदतीस दाखले रद्द झाले, तक्रारदारांचेही. यंत्राचा पत्ता आदेशान्वये पूर्ववत करण्यात आला आणि दोन्ही यंत्रे पुन्हा बंद झाली. पौर्णिमाचे कंत्राट संपुष्टात आले. जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली.

“काका, तुमी तं तिथंच होते. तुमी सांगाचं ना, का काम बराबर झालं होतं म्हून.”

मी म्हणालो, “माझा जबाब कोणी मागितला नाही.” हे खरे होते.

कॉलेजने पिंकीला नवा दाखला आणायला सात दिवस दिले. ती सातही दिवस आली. आठव्या दिवशी तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. त्या मुलीचा दाखला जुना होता, शिक्क्याचा.

आता वाचकहो, येथवर वाचताना आपण पौर्णिमाच्या बाजूने होता, हे मला ठाऊक आहे. केशवरावांना हसलात, माझ्यावर चिडलात, पिंकीसाठी हळहळलात. ते योग्यच आहे. फक्त फाइल बंद करण्यापूर्वी एक बाब आपल्या माहितीसाठी देतो. पिंकीच्या पुढे रांगेत तिघेच होते. तक्रारी अकरा आल्या. म्हणजे आठ जण तिच्या मागचे. त्यांचा नंबर गेला नव्हता, एका दाखल्याचाही उशीर झाला नव्हता. दहा अर्जांवर सह्या आहेत. अकरावा निनावी आहे, ‘एक जागरूक नागरिक’ म्हणून. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. अक्षर वळणदार आहे, एकही शब्द चुकलेला नाही, विरामचिन्हेसुद्धा जागच्या जागी आहेत. गोष्टी वाचण्याची आवड असलेल्या माणसाचा असावा.